सूचिवेधाच्या पाठशाळा व पूर्वाध्ययनाची मान्यता

एका दरबारची सनद दुसऱ्या दरबारांत कितपत चालते, हा प्रश्न जुन्या कागदांत वावरणाऱ्या कोणासही नवा नाहीं. शिक्का अस्सल असावा, मोर्तब अस्सल असावें, मिति वारासह जुळावी. तरीही ज्याच्यापुढें ती सनद ठेविली तो ती जेवढी मानील तेवढीच तिची किंमत. विद्येच्या दाखल्यांचीही गोष्ट हीच आहे. एका गुरुगृहीं झालेलें अध्ययन दुसऱ्या गुरुगृहीं किती धरावयाचें, या प्रश्नाचीं निरनिराळ्या काळांत निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं, आणि तीं पडताळून पाहण्यास सूचिवेध अथवा अक्युपंक्चर ही चीन देशांतील विद्या फार सोयीची आहे. कारण या विद्येच्या सरकारी पाठशाळांचे सुमारें तेराशें वर्षांपूर्वींचे नियम आज उपलब्ध आहेत. आणि तिचा अलीकडील मोठा पसारा जो अमेरिकेंत झाला, त्याचे नियम तर आंकड्यांनिशीं छापलेले आहेत.

अमेरिकेंतील प्रश्न थोडक्यांत असा. तेथें या विद्येच्या पदव्या मुख्यतः दोन प्रकारच्या झाल्या. एक केवळ सूचिवेधाची. दुसरी, जिला परवांपर्यंत 'पौर्वात्य वैद्यक' असें नांव होतें, तिच्यांत सूचिवेधाच्या जोडीस काष्ठौषधींचें अध्ययन. एका शाळेंत वर्ष-दोन वर्षें काढून विद्यार्थी दुसऱ्या शाळेंत गेला, किंवा पहिल्या प्रकारच्या पदवीवरून दुसऱ्या प्रकारच्या पदवीकडे वळला, तर त्याचें मागील अध्ययन किती जमेस धरावयाचें? प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. परंतु त्यांत विद्यार्थ्याचीं वर्षें व कर्जाऊ काढलेलें द्रव्य अडकलेलें असतें. ज्याच्या अंगावर पुढें त्याची सुई चालणार त्या रोग्याचें हितही अडकलेलें असतें. शिवाय सुई व औषध या दोन विद्या कीं एकाच विद्येचीं दोन अंगें, हा फार जुना वाद त्याच्या तळाशीं आहे. म्हणून प्रथम जुने नियम पाहूं.

थांग घराण्याच्या अमदानींत इ. स. ६२४ मध्यें राजवैद्यशाळा स्थापन झाली. आठव्या शतकांतील 'थांग लिउद्येन' या राज्यव्यवस्थेच्या ग्रंथांत तिच्या विद्यार्थ्यांची गणती दिली आहे: वैद्यकाचे ४०, सूचिवेधाचे २०, मर्दनाचे १५ व मंत्रचिकित्सेचे १०. म्हणजे सुईची शाखा वैद्यकाहून निराळी मोजण्याची चाल अमेरिकन नव्हे. ती थांग दरबाराइतकी जुनी आहे. जपाननें हीच व्यवस्था उचलली. तेथील तैहो नांवाचा कायदा ७०१ चा, व त्याची सुधारलेली योरो आवृत्ति ७५७ पासून अमलांत आली. तींतही राजवैद्यशाळेंत वैद्यकाचे ४० व सूचिवेधाचे २० विद्यार्थी आहेत.

या नियमांच्या मजकुराचा इतिहास संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावा असा आहे. जपानी कायद्यांतील वैद्यकाचें प्रकरण मूळ रूपांत राहिलें नाहीं. इतर ग्रंथांत आलेल्या उताऱ्यांवरून तेथील पंडितांनीं तें पुन्हां जुळविलें. चिनी मूळ तर पार नाहींसें झालें, अशीच समजूत होती. मात्र निंगबो शहरांतील थ्येन-ई-ग या जुन्या ग्रंथसंग्रहांत मिंग काळीं नकललेली एक पोथी होती. तिच्यावर नांव पडलें होतें अधिकाऱ्यांच्या दर्जाविषयींच्या कायद्याचें, आणि त्याच नांवानें ती सूचींत पडून राहिली. १९९९ सालीं दाय ज्येनगुओ या संशोधकानें दाखवून दिलें कीं, ही पोथी म्हणजे सुंग घराण्याच्या १०२९ सालच्या 'थ्येनशंग' कायद्याचीं शेवटचीं १० प्रकरणें होत. सुंग कायदेकारांनीं चालू कलमांच्या पाठोपाठ, आतां अमलांत नसलेलीं थांगकालीन कलमेंही उतरून ठेविलीं होतीं. त्यामुळें थांग काळचा वैद्यकाचा कायदा अशा रीतीनें अचानक हातीं आला. २००६ सालीं ही पोथी छापून प्रसिद्ध झाली. जपानी पंडितांनीं तुकड्यांवरून केलेली जुळणी व हा मजकूर यांचा मेळ पुष्कळ ठिकाणीं बसतो. चुकीच्या मथळ्याखालीं निजलेल्या अशा पोथ्या आपल्याकडील दप्तरांतही कांहीं थोड्या नसतील.

त्या कायद्यांतील तीन गोष्टी प्रस्तुत विषयास लागू आहेत. पहिली ही कीं, वैद्यकाचा विद्यार्थी असो वा सूचिवेधाचा, शाळेंत पाऊल टाकतांच दोघांनीं तेच तीन ग्रंथ वाचावयाचे: एक आपल्या निघंटूसारखा द्रव्यगुणाचा, दुसरा शरीरावरील वेधबिंदूंचा व तिसरा नाडीचा. नुसतें पाठांतर पुरेसें नव्हतें. द्रव्यगुणाचा ग्रंथ वाचणारानें औषधाचें रूप ओळखावें व त्याचा गुण जाणावा. बिंदूंचा ग्रंथ वाचणारानें चित्रावर बिंदु पडताळावे. नाडीचा ग्रंथ वाचणाऱ्यांनीं आळीपाळीनें एकमेकांची नाडी पाहून ऋतुपरत्वें तिचीं लक्षणें समजून घ्यावीं, असें कायदाच सांगतो. त्यानंतर 'सूवेन' आदि मूळ ग्रंथ. शाखा-शाखांचा भेद या सामाईक पायावर उभा होता. वैद्यकाच्या मुख्य शाखेस ७ वर्षें व सूचिवेधासही ७ वर्षें. सुईची विद्या लहान म्हणून तिला थोडा काळ, असा समज त्या कायदेकारांचा नव्हता.

दुसरी गोष्ट परीक्षांची. दर महिन्यास अध्यापक परीक्षा घेई, दर तिमाहीस शाळेचे अधिकारी घेत, व वर्षअखेर त्यांच्या वरच्या खात्याचा अधिकारी घेई. नऊ वर्षें राहूनही ज्याचें अध्ययन पुरें झालें नाहीं त्याला मूळ स्थितीस परत पाठवीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यानें खासगी रीतीनें अध्ययन केलें आहे व ज्याला चिकित्सा कळते, त्यानें राजवैद्यशाळेकडे आपलें नांव द्यावें. चांचणींत तो योग्य ठरला तर त्याला वैद्यकाच्या व सूचिवेधाच्या विद्यार्थ्यांप्रमाणेंच परीक्षेस बसूं द्यावें, असें एक कलम आहे. जपानी कायद्यांतही तें आहे. बापाजवळ, चुलत्याजवळ, एखाद्या मठांत किंवा गांवच्या वैद्याजवळ जें शिकलें त्याला येथें दार उघडें आहे. मात्र तें दार कागदानें उघडत नाहीं. कोठें शिकलास, किती दिवस शिकलास, गुरूचा दाखला काय, हें कलम विचारीत नाहीं. माणसास समोर उभा करून तो काय जाणतो एवढेंच पाहतें. पूर्वाध्ययनास मान्यता देण्याची ही एक पद्धति झाली, आणि पुढील विवेचनांत तिलाच आम्ही 'माणूस पारखण्याची' पद्धति म्हणूं.

सुंग काळांत ही पारख यंत्रावर चढली. वांग वेइ-ई यानें वेधबिंदूंचा ग्रंथ १०२६ त रचिला, व १०२७ त त्याच्या देखरेखीखालीं माणसाच्या आकाराच्या दोन पोकळ ब्राँझच्या मूर्ति तयार झाल्या. त्यांवर ६५७ बिंदु असल्याचें सांगतात. दुहेरी बिंदु एकच धरले तर नांवें ३५४ होतात. परीक्षेच्या वेळीं मूर्तीवर पिवळ्या मेणाचा लेप देऊन आंत पाणी भरीत, असें पुढच्या काळांतील चौ मी या लेखकानें लिहून ठेविलें आहे; कांहीं पाठांत पाण्याऐवजीं पारा आहे. सुई नेमक्या बिंदूवर पडली तर आंत जाऊन पाणी बाहेर येई. केसभर चुकली तर सुई शिरतच नसे. १०७६ मध्यें स्वतंत्र झालेल्या वैद्यकशाळेंत ३०० विद्यार्थी होते व ते बाह्य, आंतर व उच्च अशा तीन दालनांत २००, ६० व ४० असे विभागले होते. एका दालनांतून दुसऱ्यांत जाण्याचा मार्ग परीक्षेंतूनच. त्या वेधबिंदूंच्या ग्रंथाचे जे शिलालेख कोरले होते ते मिंग काळीं पेकिंगच्या तटाच्या बांधकामांत दगड म्हणून घातले गेले, व १९६५ नंतर तट पाडतांना त्यांचे तुकडे हातीं लागले. आपल्याकडील शिलालेखांच्या वाट्यास हें प्राक्तन किती वेळां आलें आहे हें वाचकांस सांगावयास नको.

यापुढचीं शतकें या लेखापुरतीं झपाट्यानें ओलांडतां येतील. १८२२ सालीं चिंग दरबारानें राजवैद्यशाळेंतून सूचिवेधाची शाखाच काढून टाकली. जपानांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाश्चात्य वैद्यकास राजमान्यता मिळाल्यावर सूचिवेध हा स्वतंत्र परवान्याचा धंदा होऊन बसला, आणि औषधें देणें डॉक्टरांकडे राहिलें. चीनमध्यें उलट झालें. १९५६ सालीं पेकिंग, शांघाय, कँटन व छंगदू येथें पारंपरिक वैद्यकाचीं चार महाविद्यालयें निघालीं व त्यांत सुई व औषध पुन्हां एका छपराखालीं आलीं. अमेरिकेंतील पुढील गोंधळाचें एक मूळ येथें आहे, कारण तेथें ही विद्या एका वाटेनें गेली नाहीं.

याच सुमारास ती भारतांतही आली, आणि तींत आपल्याकडील एक दुवा आहे. त्याविषयीं बराच घोटाळा रूढ असल्यामुळें दोन शब्द लिहितों. राष्ट्रसभेनें १९३८ सालीं चीनला जें वैद्यकीय पथक पाठविलें, त्याच्या पांच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर हे होते. कोटणीस यांनीं मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयांत आधुनिक वैद्यक शिकून पदवी घेतलेली. उत्तर चीनमध्यें त्यांनीं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, व ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. सूचिवेधाच्या अनेक भारतीय संस्थांशीं त्यांचें नांव जोडलेलें आढळतें. परंतु ही विद्या इकडे आणण्याचें श्रेय त्याच पथकांतील त्यांचे सहकारी बंगालचे डॉ. बिजयकुमार बसु यांचें आहे. बसु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हां चीनला गेले, तेथें सूचिवेध शिकले व कलकत्त्यास परत येऊन तो करूं लागले. बंगालनें या विद्येचा कायदा १९९६ सालीं केला. महाराष्ट्राच्या कायद्यावर २०१५ साल आहे. या दोन्ही कायद्यांत विषय सूचिवेधापुरता आहे, चिनी औषधींचा नाहीं, हेंही नोंदवून ठेवावें.

आतां अमेरिका. २६ जुलै १९७१ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें जेम्स रेस्टन या वार्ताहराचा लेख आला. पेकिंगच्या रुग्णालयांत त्याचें आंत्रपुच्छ कापून काढलें होतें व नंतरच्या पोटदुखीवर सुया टोंचल्या होत्या, ती हकीकत त्यांत होती. (शस्त्रक्रियाच सुयांवर झाली, असें जें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें सांपडतें तें चूक, ती नेहमींच्या भूल देणाऱ्या औषधांनींच झाली.) पुढल्याच वर्षीं अध्यक्ष निक्सन चीनला गेले, आणि या विद्येचें एकदम पीक आलें. चिनी वस्त्यांत ती शंभर वर्षें नांदत होती, पण कायद्यास तिचा पत्ता नव्हता. १९७३ सालीं नेवाडा संस्थानानें प्रथम कायदा केला. कॅलिफोर्नियाचा १९७५ चा. वैद्यकीचा परवाना हा तेथें संस्थानांचा विषय असल्यामुळें, एका संस्थानांत सुई व औषध दोन्ही एका परवान्यांत आलीं, तर दुसऱ्यांत परवाना सुईपुरता राहिला. नांवें सारखीं, अधिकार निराळे. जुन्या संस्थानांच्या सनदा चाळणारास ही स्थिति अपरिचित वाटणार नाहीं.

शाळाही अशाच भिन्न मुळांच्या निघाल्या. १९७५ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें निघालेली न्यू इंग्लंड सूचिवेधशाळा हाँगकाँगहून आलेल्या जेम्स सो यांच्या शिकवणीवर उभी होती. मेरिलंडमधील शाळेस इंग्लंडच्या वर्स्ली यांच्या पंचतत्त्वांच्या संप्रदायाचें वळण होतें, व त्या संप्रदायांत औषधींस स्थान नव्हतें. कॅलिफोर्नियांतल्या शाळांत मात्र चीनच्या नव्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम शिरला. अशा स्थितींत मेरिलंडचा विद्यार्थी कॅलिफोर्नियांत आला तर त्याचें काय धरावयाचें? दोघांच्या पुस्तकांत शब्द तेच, पण एकाची नाडीपरीक्षा दुसऱ्याच्या नाडीपरीक्षेशीं जुळेलच असें नाहीं.

यावर तोडगा म्हणून १९८२ सालीं शाळांचें मंडळ व शाळांस मान्यता देणारा आयोग असे दोन्ही निघाले, आणि १९८८ त त्या आयोगास अमेरिकेच्या मध्यवर्ती शिक्षणखात्याची मान्यता मिळाली. येथून पूर्वाध्ययन मोजण्याची दुसरी पद्धति या विद्येंत सर्रास चालूं झाली. तिला 'कागद मोजण्याची' पद्धति म्हणतां येईल. तिचें नाणें म्हणजे श्रेयांक. या नाण्याची टांकसाळ मात्र वैद्यकाची नव्हे. अँड्र्यू कार्नेगी यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठीं निधि दिला. त्याचा लाभ कोणत्या महाविद्यालयांस द्यावा हें ठरवितांना शिक्षणाचें कांहीं तरी एक माप हवें होतें, म्हणून एका विषयाचें वर्षभराचें सुमारें १२० तासांचें अध्ययन हें एक मान ठरलें. हें माध्यमिक शाळांचें झालें. महाविद्यालयांतही तासांवर बसविलेलें माप त्या निधीच्या नियमांनीं पक्कें रुजलें. पेन्शनीच्या हिशेबासाठीं घडविलेली ही फूटपट्टी अखेर नाडीपरीक्षेस लागली, ही गंमत नमूद करण्याजोगी आहे.

आयोगाच्या या शतकाच्या पहिल्या दशकांतील नियमावलींत हा हिशेब असा आहे. केवळ सूचिवेधाच्या पदवीस निदान ३ शैक्षणिक वर्षें, १९०५ तास, १०५ सत्रश्रेयांक. त्या तासांपैकीं तत्त्व, निदान व वेधक्रिया यांस ७०५, प्रत्यक्ष चिकित्सालयांत ६६०, आधुनिक वैद्यकशास्त्रास ४५०, व नीति, संभाषण, व्यवसाय इत्यादिकांस ९०. पौर्वात्य वैद्यकाच्या पदवीस ४ वर्षें, २६२५ तास, १४६ श्रेयांक: तत्त्वाचे तेच ७०५, काष्ठौषधींचे ४५०, चिकित्सालयाचे ८७०, आधुनिक वैद्यकाचे ५१०, इतर ९०. वर्गांतील १५ तासांस एक श्रेयांक व चिकित्सालयांतील ३० तासांस एक, असें धरून आम्हीं बेरीज ताळून पाहिली; दोन्ही ठिकाणीं पै न् पै जुळते. दोहोंतील अंतर ७२० तासांचें, म्हणजे ४१ श्रेयांकांचें. तेव्हां सुईची पदवी घेतलेल्यास औषधींकडे वळावयाचें तर एवढा भरणा करावा कीं झालें, असें कागद सांगतो.

पण हा ७०५ तासांचा आंकडा दोन्ही ओळींत एकच दिसला तरी वस्तु एकच असते काय? औषधींच्या शाळेंत रोगाचें निदान शिकवितांना प्रत्येक लक्षणसमूहापुढें त्याचा काढा ठेवलेला असतो. जीभ पाहावयाची ती कोणतें द्रव्य वाढवावें व कोणतें काढावें हें ठरविण्यासाठींही. सुईच्या शाळेंत त्याच लक्षणसमूहापुढें बिंदु ठेवलेले असतात. विषयाचें नांव एक, तास तितकेच, पण औषधांची बाजू कोरी. थांग कायद्यानें सूचिवेधाच्या पोरासही पहिल्या दिवसापासून निघंटु हातीं दिला होता तो कशासाठीं, हें येथें उमगतें. दोन्ही शाखांचा पाया सामाईक ठेविला म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यास वरचा मजलाच तेवढा बांधावा लागतो. अमेरिकेंत सामाईक पाया तासांनीं ठरला, ग्रंथांनीं नाहीं. म्हणून तेथें हिशेब जुळतो व विद्या तुटक राहते, असें आमचें मत आहे.

तासांच्या हिशेबांतही खाचखळगे आहेत. कांहीं शाळा वर्षाचीं दोन सत्रें करितात, कांहीं तिमाह्या करितात. तिमाहीच्या श्रेयांकास वर्गांतील १० तास व सत्राच्या श्रेयांकास १५; म्हणजे तिमाहीचे तीन श्रेयांक दिले कीं सत्राचे दोन हातीं पडतात. आतां एका शाळेंत बिंदुस्थानांचा पहिला भाग तिमाहीच्या ३ श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा आहे, आणि ज्या शाळेंत जावयाचें तेथें तोच भाग सत्राच्या ३ श्रेयांकांचा, म्हणजे ४५ तासांचा आहे असें समजा. पंधरा तास कमी पडले. ते पंधरा तास सुटे मिळत नाहींत. बहुधा सबंध विषय पुन्हां घ्यावा लागतो, व शुल्कही सबंध विषयाचें पडतें. निरनिराळ्या प्रांतांच्या शेर-पायलीचा मेळ घालतांना आमच्या महसुलाच्या अभ्यासकांस जी पंचाईत पडते तीच ही. कॅलिफोर्नियाचें माप तर सर्वांहून मोठें: २००५ पासून दाखल होणाऱ्यांस तेथें ३००० तास लागतात, त्यांत वर्गाचे २०५० व चिकित्सालयाचे ९५०. इतरत्र पुरी झालेली पदवी तेथें अपुरी ठरूं शकते.

अमेरिकेंतील उच्च शिक्षणाच्या संघांनीं १९७८ सालीं एक संयुक्त निवेदन काढून अशा देवघेवीच्या तीन कसोट्या सांगितल्या: अध्ययनाची प्रत, दोन्ही अभ्यासक्रमांची तुल्यता, व नव्या पदवीच्या दृष्टीनें उपयुक्तता. कसोट्या रास्त आहेत. परंतु निर्णय शेवटीं घेणाऱ्या शाळेचाच, आणि तिच्यापुढें असतें काय? एक गुणपत्रक. त्यावर 'मूलतत्त्वें, भाग १' अशी ओळ, पुढें श्रेयांक, पुढें एक अक्षर. आंत कोणता ग्रंथ वाचला, कोणाच्या हाताखालीं वाचला, कांहीं कळत नाहीं; म्हणून विषयाची सविस्तर टांचणही मागवितात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर जावक-बारनिशीची नोंद हातीं आहे, मूळ पत्र नाहीं. नोंदीवरून पत्राचा आशय ठरविण्याचे प्रसंग आपणांवर येतात तेव्हां आपण जपून पाऊल टाकितों. ती शाळाही तसेंच करिते, आणि तिच्या सावधपणाची किंमत विद्यार्थी भरतो. यांत सर्वांत कमी मानले जाणारे तास म्हणजे चिकित्सालयांतले. शेवटचीं वर्षें आमच्याच देखरेखीखालीं काढलीं पाहिजेत, असा बहुतेक शाळांचा आग्रह असतो. पदवीवर जिची मोहोर उठणार तिनें हात पाहिला पाहिजे, हें म्हणणें आम्हांस तरी गैर वाटत नाहीं.

कागद मोजण्याच्या पद्धतीस आम्ही सरसकट दोष देत नाहीं. छांगआनला एक राजवैद्यशाळा होती, तिचे परीक्षक ठरलेले होते, ब्राँझच्या मूर्तीही दोनच होत्या. जेथें पन्नास संस्थानें, अनेक संप्रदायांच्या अनेक शाळा, आणि वर कोणी एक राजवैद्य नाहीं, तेथें परक्या गांवच्या विद्यार्थ्यास पारखण्यास कागदाखेरीज सोपें साधन नाहीं. नवख्यास त्याचें एक संरक्षणही आहे. परीक्षकाच्या लहरीवर त्याला सर्वस्वीं अवलंबून राहावें लागत नाहीं. प्रश्न इतकाच कीं, कागद हाच पुरावा झाला म्हणजे कागदाचें जें होईल तें विद्येचें होतें.

आणि कागदाचें सध्यां बरेंच कांहीं होत आहे. प्रथम नांवें बदललीं. २० मे २०१६ रोजीं अमेरिकेंत एक कायदा होऊन मध्यवर्ती सरकारच्या कांहीं कायद्यांतून, लोकांस उद्देशून वापरलेला 'पौर्वात्य' या अर्थाचा जुना शब्द, अवमानकारक म्हणून काढून टाकण्यांत आला. त्या कायद्याचा वैद्यकाशीं संबंध नव्हता, पण वारें त्याच दिशेचें होतें. मान्यता देणाऱ्या आयोगानेंही २०२१ सालीं आपल्या नांवांतून 'पौर्वात्य वैद्यक' काढून त्या जागीं 'वनौषधिवैद्यक' घातलें. जुन्या पौर्वात्य वैद्यकाच्या पदवीस आतां सूचिवेधाची पदवी, चिनी वनौषधींच्या विशेष अध्ययनासह, असें म्हणतात. बदल उचित आहे. परंतु शंभर वर्षांनीं हे दाखले ज्या संशोधकाच्या हातीं पडतील त्याला एकच पदवी दोन नांवांनीं दिसेल व तो त्या दोन पदव्या समजेल, हा धोका निंगबोच्या पोथीची कथा माहीत असणारास सहज दिसावा. दाखल्याबरोबर त्या वर्षाचा अभ्यासक्रमही जपून ठेवावा, ही सूचना संग्राहकांस येथें करून ठेवितों.

दुसरें, शाळा मिटूं लागल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथें १९८० सालीं निघालेलें पारंपरिक चिनी वैद्यकाचें महाविद्यालय २०१५ त दुसऱ्या संस्थेंत मिळालें. ऑरेगॉनचें १९८३ सालचें महाविद्यालय २०२४ त बंद झालें. न्यू इंग्लंडची शाळाही त्यापूर्वींच एका विद्यापीठांत विलीन झालेली होती. शाळा बंद पडतांना अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्यांचें अध्ययन कोठें व कसें पुरें व्हावयाचें याची योजना करावी, असा तेथील नियम आहे, व गुणपत्रकें पुढें कोणी सांभाळावयाचीं हेंही ठरवावें लागतें. गुणपत्रक राहतें; पण त्या ओळींचा अर्थ सांगणारा अध्यापक, त्याची टांचण, ज्या खाटांवर पहिल्या सुया टोंचल्या तें चिकित्सालय, हीं सर्व पांगतात. अशा शाळेचा दाखला म्हणजे खालसा झालेल्या संस्थानची सनद. ती खोटी होत नाहीं, फक्त तिच्यामागें उभा राहणारा कोणी उरत नाहीं.

अशा विद्यार्थ्यास कित्येक शाळांत आणखी एक मार्ग मोकळा ठेविलेला असतो. ज्या विषयाचा कागद पुरेसा मानला गेला नाहीं त्याची त्यानें थेट परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाला तर तो विषय पुन्हां शिकण्याची गरज नाहीं. ही सवलत बहुधा वर्गांतील विषयांपुरतीच असते, चिकित्सालयांतील तासांस ती सहसा लागू होत नाहीं, व तिच्यावर मर्यादाही घातलेली असते. राजवैद्यशाळेकडे नांव देऊन चांचणीस उभ्या राहणाऱ्या त्या खासगी विद्यार्थ्याचें कलम चीनमध्यें एक सहस्र वर्षांपूर्वीं अमलांतून गेलें, व सुंग कारकुनांनीं तें निरुपयोगी म्हणून मागच्या बाजूस उतरून ठेविलें. अमेरिकन शाळांच्या नियमपुस्तकांत त्याच्याच अर्थाचें हें कलम साधारणपणें शेवटच्या पानांत, शुल्काच्या कोष्टकाजवळ सांपडतें.